संगीत-खेळ आणि बालक : योग्यतेची कसोटी कोणती?

हिंसाचाराने भरलेला किंवा पैसे लावून खेळला जाणारा व्हिडिओ गेम लहान मुलांच्या हाती पडू नये, याविषयी समाजात फारसे दुमत आढळत नाही. खरी अडचण येते ती वरकरणी निरुपद्रवी भासणाऱ्या खेळांच्या बाबतीत. संगीतावर आधारित व्हिडिओ गेम हे अशा खेळांचे ठळक उदाहरण होय. त्यात रक्तपात नसतो, डाव लावला जात नाही. उलट गाणे, ताल आणि नृत्य यांच्याशी मुलाचा परिचय होतो, अशी पालकांची धारणा असते. ही धारणा अगदीच निराधार नाही. तथापि, गेल्या दोन दशकांत या खेळांचे स्वरूप आणि त्यांच्या विक्रीची रीत इतकी बदलली आहे की, पडद्यावर काय दिसते एवढ्यावरून त्यांची योग्यता ठरविणे आता पुरेसे राहिलेले नाही.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बंगळुरू हे शहर विशेष उपयुक्त ठरते. व्हिडिओ गेमची निर्मिती, त्यांच्या अतिवापरावरील उपचार आणि त्यांना कायद्याने आवर घालण्याचा प्रयत्न या तिन्ही गोष्टी या एकाच शहरात घडल्या. तरीही, ‘हा खेळ माझ्या मुलासाठी योग्य आहे का?’ या पालकाच्या साध्या प्रश्नाचे नेमके उत्तर तेथेही सहजासहजी मिळत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अर्थशास्त्रीय आणि कायदेविषयक अंगांनी विचार केला असून, योग्यता ठरविण्यासाठी पाच कसोट्या मांडल्या आहेत.

संगीत-खेळांची वाटचाल

जपानमधील कोनामी कंपनीने १९९८ मध्ये ‘डान्स डान्स रिव्होल्युशन’ हा खेळ बाजारात आणला. पडद्यावरील बाणांनुसार पायाखालच्या पाट्यांवर तालात पाय टाकणे, एवढेच त्याचे स्वरूप होते. २००५ मध्ये अमेरिकेत हार्मोनिक्स या कंपनीने तयार केलेला ‘गिटार हीरो’ आला. यात खेळाडूच्या हाती गिटारच्या आकाराचे, बटणे असलेले साधन असते आणि गाण्याच्या ओघात योग्य क्षणी योग्य बटण दाबावे लागते. २००७ मध्ये आलेल्या ‘रॉक बँड’ने त्याला ढोल आणि गायन यांची जोड दिली. २००९ मध्ये फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा ‘जस्ट डान्स’ आला. या मालिकेच्या निर्मितीत पुढे कंपनीच्या पुणे येथील केंद्राचाही सहभाग राहिला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब होय.

सुरुवातीच्या काळात हे खेळ खोक्यातून विकले जात. खोक्यात साधन, चकती आणि ठरावीक गाणी असत. ग्राहक एकदा किंमत देई आणि व्यवहार बहुतांशी तेथेच संपे. फेब्रुवारी २०११ मध्ये अॅक्टिव्हिजन कंपनीने ‘गिटार हीरो’चा विभाग बंद करण्याची घोषणा केली आणि प्लॅस्टिकच्या गिटारींची लाट ओसरली. खेळ मात्र संपले नाहीत. ज्या हार्मोनिक्सने ‘गिटार हीरो’ घडविला होता, ती कंपनी नोव्हेंबर २०२१ मध्ये एपिक गेम्सने विकत घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये तिने ‘फोर्टनाइट फेस्टिव्हल’ हा संगीत-खेळ सादर केला. या खेळात प्रवेश विनामूल्य आहे. परंतु हवे ते गाणे आपल्या संग्रही ठेवायचे असल्यास ते आभासी चलन देऊन विकत घ्यावे लागते.

निर्माता तोच, मूळ कल्पनाही तीच. बदलला आहे तो व्यवहार. पूर्वी वस्तू विकली जात होती. आता दुकानाचे दार मुलासाठी उघडे ठेवले जाते. मुलांच्या योग्यतेचा विचार करताना या बदलाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

बंगळुरू : एका प्रश्नाच्या तीन बाजू

पहिली बाजू निर्मितीची. भारतातील पहिल्या गेम-निर्मिती कंपन्यांपैकी एक असलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ मध्ये बंगळुरूत स्थापन झाली. २०१७ मध्ये स्वीडनच्या स्टारब्रीझ कंपनीने आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या रॉकस्टार गेम्सने ती आपल्याकडे घेतली. अॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण आखण्यातही कर्नाटक अग्रभागी राहिले. त्या राज्याचे पहिले धोरण २०१२ चे आहे. हा उद्योग रोजगार देतो, निर्यात वाढवितो आणि कलाकारांना काम देतो.

दुसरी बाजू आरोग्याची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स, या बंगळुरूतील संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या निकोप वापरासाठी ‘शट क्लिनिक’ हे विशेष उपचार केंद्र सुरू केले. पुढे मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली. त्यात ‘गेमिंग विकार’ या अवस्थेचा समावेश असून हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. खेळण्यावरील नियंत्रण सुटणे, इतर कामांपेक्षा खेळास अधिकाधिक प्राधान्य मिळणे आणि दुष्परिणाम दिसूनही खेळणे सुरूच राहणे, ही त्याची तीन लक्षणे होत. ही अवस्था सर्वसाधारणपणे किमान १२ महिने दिसून यावी लागते. म्हणजेच सुट्टीत चार दिवस खेळात रमलेल्या मुलाला विकारग्रस्त ठरविणे चुकीचे आहे.

तिसरी बाजू कायद्याची. ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्नाटकात पोलीस कायद्यातील दुरुस्ती अमलात आली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याच्या खेळांसह, तिने बंदी घातली. कर्नाटक उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी या दुरुस्तीतील संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. राज्यसूचीतील ३४ व्या नोंदीनुसार पैज व जुगार हा राज्याचा विषय असला, तरी कौशल्याचे खेळ त्या नोंदीत बसत नाहीत, असा या निर्णयाचा गाभा होता. समानतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा हक्कही न्यायालयाने विचारात घेतला.

या तिन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत. परंतु त्यांपैकी एकही पालकाच्या हाती निर्णयाचे साधन देत नाही. निर्मितीचे धोरण उत्पादकाकडे पाहते, उपचार केंद्र बाधितांकडे पाहते आणि बंदीचा कायदा जुगाराकडे पाहतो. संगीत-खेळ खेळणारे सामान्य मूल या तिन्हींच्या दृष्टीबाहेर राहते.

माहितीची विषमता

अर्थशास्त्रात वस्तूंचे तीन प्रकार मानले जातात. काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वीच पारखता येतो. उदाहरणार्थ, कापडाचा पोत. काहींचा दर्जा वापरल्यावरच कळतो. उदाहरणार्थ, उपाहारगृहातील जेवण. १९७० मध्ये फिलिप नेल्सन यांनी हा भेद स्पष्ट केला. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली : ज्यांचा दर्जा वापरानंतरही सामान्य ग्राहकाला नीट उमगत नाही आणि ज्यांच्याबाबत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते, अशा वस्तू. वैद्यकीय सल्ला हे याचे नेहमीचे उदाहरण.

संगीत-खेळ हा एकाच वेळी या तिन्ही प्रकारांत मोडतो. चित्रे दुकानातच दिसतात. गाण्यांचे शब्द काही दिवस खेळल्यावर कळतात. मुलाविषयी कोणती माहिती गोळा केली जाते आणि कोठे पाठविली जाते, हे मात्र वर्षभर खेळूनही पालकाला कळत नाही. त्यातच येथे विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा. पालक पैसे देतो पण खेळत नाही. मूल खेळते पण पैसे देत नाही. विक्रेत्याला सर्व ठाऊक आणि खरेदीदाराला थोडेच ठाऊक असेल, तर बाजारात निकृष्ट वस्तू चांगल्या वस्तूंना मागे सारू शकते, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले. यावरील एक उपाय म्हणजे विश्वासार्ह शिक्का. वयोवर्गीकरण हा तसाच एक शिक्का आहे.

वयोवर्गीकरण काय सांगते?

अमेरिकेत १९९३ मध्ये हिंसक व्हिडिओ गेमवरून सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि त्यानंतर १९९४ मध्ये उद्योगानेच ईएसआरबी हे मूल्यांकन मंडळ स्थापन केले. जपानमध्ये २००२ साली सेरो आणि युरोपात २००३ साली पेगी या व्यवस्था सुरू झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यास कायद्याने मनाई केली होती. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे तो कायदा रद्द केला. त्यामुळे अमेरिकेत शिक्का हा मुख्यतः ऐच्छिक माहितीचा विषय राहिला.

संगीत-खेळांना हे शिक्के कसे लागले, हे पाहणे उद्बोधक आहे. ‘रॉक बँड’ला ईएसआरबीने ‘किशोरवयीन’ म्हणजे १३ वर्षे व त्यावरील हा वर्ग दिला आणि त्याचे एक कारण गाण्यांचे शब्द हे होते. ‘जस्ट डान्स’च्या अनेक भागांना ‘१० वर्षांवरील सर्वांसाठी’ हा वर्ग मिळाला. म्हणजे चित्रात काहीही आक्षेपार्ह नसताना शब्दांमुळे वय वाढले. परंतु अशा खेळांच्या खोक्यावर आणखी एक सूचना असे : नंतर उतरवून घेतलेल्या गाण्यांचे मूल्यांकन मंडळाने केलेले नाही. शिक्का खोक्यातील गाण्यांना लागू आणि मूल ऐकणार मात्र पुढे येत राहणारी गाणी, अशी ही विसंगती होती.

मूल्यांकन मंडळांनी कालांतराने काही सुधारणा केल्या. ईएसआरबीने २०१८ मध्ये ‘खेळांतर्गत खरेदी’ ही सूचना सुरू केली आणि २०२० मध्ये यादृच्छिक वस्तूंच्या विक्रीविषयी वेगळी सूचना जोडली. तथापि, खरेदी आहे एवढेच ही सूचना सांगते. ती किती आणि किती वेळा करावी लागते, हे सांगत नाही.

भारतात मोबाइलवर गेम घेताना गूगल प्ले दुकानात ३, ७, १२, १६ आणि १८ वर्षांवरील असे वर्ग दिसतात. हे वर्ग आयएआरसी या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे आहेत. निर्मात्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ते ठरतात. अॅपलची वर्गवारी स्वतंत्र असून २०२५ मध्ये तिने ४, ९, १३, १६ आणि १८ वर्षांवरील अशी नवी श्रेणी जाहीर केली. त्यामुळे एकाच खेळावर दोन दुकानांत दोन निरनिराळी वये आढळल्यास आश्चर्य वाटू नये.

भारतातील कायदेशीर चौकट

आपल्याकडे एकाच गाण्याला तीन माध्यमांत तीन निरनिराळे नियम लागू होतात. ते गाणे चित्रपटात असेल, तर १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार प्रमाणन आवश्यक ठरते. चित्रपट प्रमाणन हा संघसूचीतील ६० व्या नोंदीचा विषय आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन उपवर्ग केले. तेच गाणे केबल दूरचित्रवाणीवर दाखवायचे असेल, तर २००६ मध्ये केबल नियमांत जोडलेल्या तरतुदीनुसार चित्रपटगीते आणि संगीत-चित्रफिती यांनाही सर्वांसाठी योग्य असे प्रमाणपत्र लागते. ओटीटी मंचांसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वयोगटानुसार स्ववर्गीकरण घालून दिले. तेच गाणे व्हिडिओ गेममध्ये आले, की मात्र प्रकाशनापूर्वी ते तपासून प्रमाणपत्र देणारी चित्रपटांसारखी यंत्रणा आपल्याकडे उभी राहिलेली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन गेमिंग हा विषय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आणि ई-क्रीडा युवक कार्य व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा संमत केला. या कायद्याने ई-क्रीडा, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि ऑनलाइन पैशांचे खेळ असे तीन प्रकार मानले असून तिसऱ्या प्रकारावर बंदी घातली आहे. संगीत-खेळ सर्वसाधारणपणे दुसऱ्या प्रकारात मोडतात, कारण त्यांत जिंकून पैसे मिळविण्याची अपेक्षा नसते. सामाजिक खेळांचे वर्गीकरण व नोंदणी करणे आणि वयानुरूप सुरक्षित आशयास चालना देणे यांसाठीही या कायद्यात वाव आहे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. पैसे लावून पैसे जिंकणे यावर कायद्याचा रोख आहे. मुलाने खेळातील गाणी किंवा पोशाख विकत घेत राहणे, यात जिंकण्याचा प्रश्नच नसल्याने ते जुगार ठरत नाही. घरातील पैसा मात्र दोन्हींत जातोच.

या दृष्टीने आणखी तीन कायदे उपयुक्त आहेत. पहिला, १८७२ चा भारतीय करार कायदा. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे तत्त्व १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने प्रस्थापित केले. पण मूल पालकाच्या खात्यावरून खेळत असेल, तर खरेदी कोणी केली हे सिद्ध करणे अवघड जाते. दुसरा, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्याखाली नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली. ‘शेवटचे काही तास शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे, खरेदी नाकारणाऱ्याला ओशाळवाणे करणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकविणे अशा १३ प्रकारांची नोंद त्यात आहे. तिसरा, २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा. १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती घेणे आणि मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती न दाखविणे, ही बंधने त्यात आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.

योग्यतेच्या पाच कसोट्या

वरील विवेचनावरून असे दिसते की, शिक्का आशयाविषयी बरेच सांगतो आणि बाकी गोष्टींविषयी थोडे. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी पुढील पाच प्रश्न विचारणे इष्ट ठरेल.

१. शब्द : खेळातील गाणी कोणती आणि ती बदलत राहतात का? गाण्यांची यादी स्थिर असेल, तर ती एकदा वाचून व ऐकून निर्णय घेता येतो. दर आठवड्याला नवी गाणी येत असतील, तर आजचा निर्णय उद्यासाठी पुरेसा नसतो. परभाषेतील गाण्यांचा अर्थ मुलांना कळत नाही, असे गृहीत धरू नये. बंगळुरूसारख्या शहरात कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी आणि इंग्रजी या भाषा एकाच गृहसंकुलात बोलल्या जातात; तेथे मुलांना पालकांपेक्षा अधिक भाषा येत असण्याचा संभव असतो.

२. पैसा : खेळाची पूर्ण किंमत किती? अर्थशास्त्रात ग्राहकाची निवड ही त्याच्या अंदाजपत्रक रेषेने मर्यादित झालेली असते. पालकाच्या खात्यावर खेळणाऱ्या मुलाला अशी रेषाच नसते. त्यातच आभासी चलनामुळे रुपयांचे मूल्य नजरेआड होते. या जोखमीचे प्रमाण अमेरिकेच्या अनुभवावरून लक्षात येते. तेथील संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडींनुसार, मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या खरेदीपोटी २०१४ मध्ये अॅपलने किमान ३.२५ कोटी डॉलर आणि गूगलने किमान १.९ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य केले. २०२२ मध्ये एपिक गेम्सने मुलांच्या खासगी माहितीबाबतचा दंड आणि फसव्या रचनांबाबतचा परतावा मिळून ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. भारतात कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून अतिरिक्त प्रमाणीकरण बंधनकारक केले, हे एक संरक्षण आहे. मात्र पालकाने आधीच भरून ठेवलेल्या रकमेला किंवा मुलाला ठाऊक असलेल्या सांकेतिक क्रमांकाला ते लागू पडत नाही.

३. संपर्क व माहिती : मूल कोणाशी बोलते आणि खेळ त्याच्याविषयी काय जाणतो? एकट्याने तालावर नाचणे आणि अनोळखी व्यक्तींशी आवाजी संवाद साधत खेळणे, या भिन्न गोष्टी आहेत. नृत्याच्या काही खेळांत कॅमेरा वापरला जातो; त्याची परवानगी कशासाठी मागितली जाते, हे पाहणे आवश्यक आहे.

४. शरीर : किती वेळ आणि किती मोठा आवाज? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, २ ते ५ वर्षांसाठी दिवसाला कमाल १ तास आणि ५ ते १० वर्षांसाठी २ तासांपेक्षा कमी वेळ असावा. यात अभ्यासाचा आणि मनोरंजनाचा पडदा-वेळ एकत्र धरायचा असतो. संगीत-खेळांना आवाजाचा मुद्दा विशेष लागू आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१८ च्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने मुलासाठी ७८ डेसिबलवर २० तास, ८१ वर १० तास आणि ८४ डेसिबलवर आठवड्याला केवळ ५ तास उरतात. नृत्याच्या खेळात शरीराची हालचाल होते, हा लाभ. परंतु कानात मोठा आवाज भरत असेल, तर त्या लाभाला मर्यादा पडते. चमकणाऱ्या प्रकाशामुळे काहींना झटके येण्याचा धोका असतो, याविषयीची सूचनाही वाचली पाहिजे.

५. संगीत : खेळातून मूल नेमके काय शिकते? ताल पकडणे, प्रतीक्षा करणे, ठरलेल्या क्षणी कृती करणे या गोष्टी संगीत-खेळ चांगल्या शिकवू शकतो. मात्र बटण दाबल्याने स्वर ओळखता येत नाही. २०११ च्या ‘रॉकस्मिथ’ या खेळात खरी गिटार जोडावी लागते. तेथे खेळ आणि शिक्षण यांतील अंतर पुष्कळ कमी होते. बंगळुरूतील कर्नाटक संगीताच्या वर्गात मूल आदितालाची आठ अक्षरे हाताच्या टाळीने आणि बोटांनी मोजते. आपल्याकडे त्रितालाच्या सोळा मात्रा टाळी आणि खालीने दाखविल्या जातात. येथे ताल मुलाने स्वतः धरायचा असतो. खेळात तो पडदा धरून देतो. म्हणून खेळाला संगीतशिक्षणाचा पर्याय न मानता ओळखीची पायरी मानणे योग्य. २०१९ मध्ये बंगळुरूच्या जे. पी. नगर भागात खुल्या झालेल्या ‘इंडियन म्युझिक एक्सपीरियन्स’ या संग्रहालयासारख्या ठिकाणी तंत्रज्ञानाच्या साहाय्याने भारतीय संगीताची ओळख करून घेता येते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

कसोट्यांचे उपयोजन

या कसोट्या लावल्या म्हणजे उत्तर एकसारखे येत नाही आणि येऊही नये. ठरावीक गाण्यांचा, इंटरनेटशिवाय खेळता येणारा नृत्याचा खेळ सहा-सात वर्षांच्या मुलाने घरच्यांसमवेत खेळावा, यात सहसा अडचण नाही. गाण्यांची निवड मात्र मोठ्यांनी करावी. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी वर्गणीचा खेळ घेतल्यास खाते पालकाच्या ताब्यात असावे आणि नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी. पंधरा वर्षांच्या मुलासाठी आशयाची कसोटी सैल आणि पैसा व संपर्क यांची कसोटी कडक करावी लागते. विनामूल्य खेळाच्या दुकानात महिन्याला ठरावीक रकमेपुरती मुभा देऊन तिचा हिशेब त्याच्याकडूनच मागितला, तर तो व्यवहारज्ञानाचा पाठही ठरू शकतो.

सरसकट मनाईचा मार्ग सोपा वाटतो, परंतु त्यालाही किंमत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने मुलांचा खेळण्याचा आणि सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क मान्य केला आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. त्याच संहितेच्या समितीने २०२१ मध्ये, डिजिटल जगातही हे हक्क लागू असल्याचे आपल्या २५ व्या सामान्य टिप्पणीत स्पष्ट केले. तेव्हा संरक्षण आणि सहभाग यांचा समतोल साधणे, हे पालकांचे आणि शासनाचेही कर्तव्य ठरते.

धोरणाची दिशा

केवळ पालकांच्या दक्षतेवर सारा भार टाकणे न्याय्य होणार नाही. दक्षतेलाही वेळ आणि शिक्षण लागते आणि ते सर्व घरांत सारखे नसते. दोन्ही पालक नोकरीसाठी दिवसभर बाहेर असलेल्या घरात किंवा पालक अल्पशिक्षित असलेल्या घरात मूल मोबाइल अधिक सहजपणे हाताळते. माहितीचा भार पेलण्याची ऐपत ज्यांच्याकडे कमी, त्यांच्यावरच तो अधिक पडतो. शासकीय हस्तक्षेपाचे अर्थशास्त्रीय समर्थन येथे सापडते.

शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालक व शिक्षकांसाठी सुरक्षित ऑनलाइन खेळाविषयी सूचना प्रसृत केल्या. त्यापुढे जाऊन तीन उपाय विचारात घेता येतील. पहिला, सामाजिक खेळांच्या वर्गीकरणात वयाबरोबर खरेदी, संपर्क आणि विदासंकलन यांची वेगवेगळी चिन्हे असावीत आणि ती भारतीय भाषांत असावीत. दुसरा, आशय बदलत राहणाऱ्या खेळांचे मूल्यांकन एकदाच न करता ठरावीक काळाने पुन्हा व्हावे आणि नव्याने येणाऱ्या गाण्यांनाही ते लागू असावे. नोव्हेंबर २०२३ पासून ‘फोर्टनाइट’मधील निरनिराळ्या विभागांना स्वतंत्र वयोवर्ग दिले जाऊ लागले, यावरून अशी सूक्ष्म वर्गवारी तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचे दिसते. तिसरा, मुलांच्या खात्यावर आभासी चलनाऐवजी रुपयांत किंमत दाखविणे आणि मासिक खर्चमर्यादा आधीपासूनच लागू असणे बंधनकारक करावे. ज्याला मर्यादा नको, त्या पालकाने ती जाणीवपूर्वक काढावी.

यामुळे उद्योगाचे नुकसान होईल, ही भीती अनाठायी आहे. बंगळुरू आणि पुणे येथील तंत्रज्ञ आज जगासाठी खेळ घडवितात. मुंबईत सर्जनशील तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आकाराला आली असून, महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये या क्षेत्राचे धोरण मंजूर केले आहे. चित्रपट, औषधे, खाद्यपदार्थ अशा प्रत्येक क्षेत्रात विश्वासार्ह शिक्क्याने प्रामाणिक उत्पादकाला बळ दिले आहे. भारतीय तालांवर आणि लोकगीतांवर आधारलेला, खोट्या घाईचा आणि छुप्या खर्चाचा आधार न घेणारा संगीत-खेळ आपल्या निर्मात्यांनी घडविला, तर त्याला घराघरांत मागणी येऊ शकेल. मात्र त्यासाठी पालकाला चांगला आणि वाईट खेळ यांतील भेद खरेदीपूर्वी ओळखता आला पाहिजे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदीची बाजू ठळकपणे पुढे आणली आहे. त्याच कायद्यातील वर्गीकरणाची आणि प्रोत्साहनाची बाजू तितक्याच गांभीर्याने अमलात आली, तर मुलांच्या खेळण्याच्या हक्काचे आणि कुटुंबाच्या हिताचे एकाच वेळी रक्षण करणे शक्य होईल.